एका चिलमीचं घर

“मास्तर, तुमचं घर तीन चिलमींचं हाय.”

आमच्या अंगणात उभं राहून गावच्या गाडीवानानं हे सांगितलं, तेव्हा मला वाटलं की हा घराची तारीफ करतोय. कौलांपासून जोत्यापर्यंत त्यानं एकदा नजर फिरवली, हातातली चिलीम दगडावर झाडली आणि मग नाडी बघून झालेल्या वैद्यासारखं तोंड करून हे वाक्य टाकलं. घर भाड्याचं असलं तरी मी जरा ताठ झालो. तो म्हणाला, “हसताय काय? तीन लय झाल्या. तवर मानूस मरंल की.”

प्लेगची सालं तुमच्यापैकी ज्यांनी खेड्यात काढली असतील, त्यांना हे सगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. घरात उंदीर मरून पडला की घर सोडायचं आणि गावाबाहेर झोपडीत जाऊन राहायचं, हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. पण सोडायचं म्हणजे किती वेळात, ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणी दोन दिवस घेई, कुणी पंचांग बघे. आमच्या या गाडीवानानं त्याला एक माप बसवलं. अंगणात उभं राहून त्यानं चिलीम भरायची, पेटवायची आणि शेवटचा झुरका मारायचा. तेवढ्यात घरची सगळी माणसं लागेल तेवढंच सामान घेऊन बाहेर आली, तर ते घर एका चिलमीचं. आमच्या गावात त्या वेळी एका चिलमीचं घर एकही नव्हतं.

आमचं गाव कर्जतजवळच्या चौक गावापासून कोसभर आत. मी तिथं शाळामास्तर म्हणून गेलो तो पहिल्या साथीनंतरच्या उन्हाळ्यात. गाडीवान तेव्हा साठीला टेकला होता. अंगानं काटक, मिशा पांढऱ्या, डोक्याला लाल मुंडासं. गाव त्याला दादा म्हणे. तरुणपणी त्यानं मीठ आणि तांदूळ बोरघाटातून वर नेले होते, आणि वरून गूळ आणि कांदे खाली आणले होते. मग आगगाडी आली. “आगगाडीनं घाट खाल्ला,” एवढंच तो त्याबद्दल म्हणे. तेव्हापासून त्याची गाडी गवताच्या पेंढ्या आणि भात घेऊन कर्जत स्टेशनापर्यंत जाई. आगगाडीवर त्याचा राग नव्हता. राग होता तो डबे भरणाऱ्यांवर. फलाटावर उभा राहून तो तोंडावर सांगे, “अरं, डबा भरताय का उकिरडा?”

गाडी भरणं ही त्याची विद्या होती. त्याचा एकच मंत्र होता आणि तो दिवसातून दहा वेळा ऐकायला मिळे. “भरताना म्होरं काय पडलंय ते बगू नगं. उतरताना आदी काय लागंल ते बग, आन् ते शेवटाला ठेव.” ऐकायला साधं वाटतं, पण करून बघा. आपण सगळे उलटं करतो. जीव ज्याच्यात अडकलेला असतो ते आधी गाडीत टाकतो. ते तळाला जातं, आणि उतरल्यावर आगकाडी शोधायला सगळी गाडी उपसावी लागते.

पहिल्या साली गाव असंच बाहेर पडलं होतं. त्याच्या गोष्टी मला गावकऱ्यांनीच हसत हसत सांगितल्या. एकानं चोर नेतील म्हणून घराचं दार खांद्यावर घेतलं, आणि बिनदाराचं घर मागं ठेवलं. एका घरानं जातं नेलं, पण मीठ विसरलं. सगळ्यांत मोठी चूक बहुतेकांनी केली. या भागात भात ठेवायला बांबूच्या मोठ्या कणग्या असतात. लोकांनी त्या कणग्या जशाच्या तशा गाड्यांवर चढवल्या, माळावर नेल्या, झोपडीत मांडल्या. चार दिवसांनी उघडून बघतात तर आत उंदीर. ज्याच्या भीतीनं घर सोडलं त्यालाच गाडीत बसवून आणलं होतं.

पुढच्या दसऱ्यानंतर त्यानं गावाला तालीम द्यायला सुरुवात केली. पाटलांची संमती त्यानं घेतली होती, घरांची नाही. दिवसा केव्हाही तो एखाद्या अंगणात उगवे, चिलीम भरी आणि ओरडे, “उंदीर पडला!” की घरात धावपळ. बायकांनी पहिले आठ दिवस त्याला शिव्या दिल्या. पुढचे आठ दिवस त्या घाबरून होत्या. आणि मग जे व्हायचं तेच झालं. पाणवठ्यावर चढाओढ सुरू झाली.

“आमचं दीडावर आलं. तुमचं गं?”

“आमचं पावणेदोन. पर आमच्यात सासू हाय, तुमच्यात नाय.”

एकदा तर एका घरी मुलगी बघायला पाहुणे बसले होते, आणि हा अंगणात येऊन ओरडला. मुलीचा बाप आतून हातानं खुणा करतोय, नको नको. हा आकाशाकडं बघत झुरके मारतोय. मुलगी साडी सावरत उठली, विस्तवाचं मडकं उचललं, धाकट्या भावाला काखेत मारलं आणि सगळ्यांच्या आधी बाहेर येऊन उभी राहिली. पाहुणे पोह्यांच्या ताटल्या घेऊन तिच्या मागं. मुलाच्या आईनं तिथंच सांगितलं, “आमाला पोरगी पसंत हाय.” लग्नात मानाचं पागोटं त्याला मिळालं.

आता आमच्या घराकडं येतो. आमच्या घरात तीन माणसं. मी, माझी बायको यमुना, आणि माझी थोरली बहीण आक्का. मेव्हणे मुंबईत एका कचेरीत कारकून होते. मुंबईत साथ पुन्हा सुरू झाली तशी त्यांनी आक्काला आमच्याकडं धाडलं. तीही बिचारी घाईनं घर सोडूनच आली होती. येताना तिनं वरवंटा आणला होता. पाटा मुंबईतच राहिला होता.

पहिल्या तालमीला मी शाळेचं हजेरीपत्रक आणि पुस्तकं गोळा करत राहिलो. यमुना देवघरातली समई हातात धरून दारात उभी राहिली, आणि ती कुठं ठेवावी हे तिला सुचेना. आक्का लोणच्याची मोठी बरणी दोन्ही हातांनी कवटाळून स्वयंपाकघराच्या दारात अडकली. त्याच तालमीनंतरचं ते तीन चिलमींचं वाक्य.

“आक्का, लोनचं घ्या. पर बरनी नगं, बुटकुल्यात घ्या,” तो म्हणाला.

“अरे गाडीवाना, तू मला लोणचं शिकवणार?”

“लोनचं नाय वो. निगायचं शिकवतो. ह्यो वरवंटा कशाला घेतला?”

“वाटायला.”

“मंग पाटा?”

“पाटा मुंबईला आहे.”

त्यानं वरवंटा उचलून बघितला आणि होता तिथं ठेवला. “ऱ्हाऊ द्या मंग,” तो हळूच म्हणाला. “तेला बी करमत नसंल.”

आक्कानं महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं, पण लोणचं बुटकुल्यात काढलं. त्यानं आम्हांला शिकवलं की प्रत्येकाच्या हाताला एकच काम. मास्तरांनी देव आणि विस्तव. आक्कानं अंथरुणं आणि शिधा. जातं न्यायचं नाही, माळावर सगळ्यांत मिळून एक असेल. कणगी हलवायची नाही. तांदूळ आताच उन्हात पाखडून पिशवीत भरून ठेवायचा. दाराशेजारी खुंटीला बोचकं बांधलेलं हवं. आणि यमुनेनं काय घ्यायचं, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “वैनींनी सोताला घ्यायचं. दोन जिवांची हाय ती.”

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. यमुनेची आधीची दोन मुलं गेली होती. पहिलं जन्मताच. दुसरं सात दिवसांचं होऊन. हे तिसरं. एरवी ती माहेरी पुण्याला गेली असती, पण स्टेशनांवर डॉक्टर बसलेले, जरा अंग गरम लागलं की क्वारंटीनच्या छावणीत टाकत. दिवस भरत आलेल्या बाईला त्यात कोण घालणार? तेव्हा बाळंतपण आमच्याच घरी होणार होतं, आणि उंदीर केव्हा पडेल हे कुणाच्या हातात नव्हतं. आम्ही दोघं त्याबद्दल बोलत नसू. यमुना रोज सकाळी उठून आढ्याकडं बघे, तेवढंच.

गाडीवानानं आम्हांला न विचारता ओढ्यापलीकडच्या माळावर, आंब्याखाली एक झोपडी उभी केली. बाकीच्यांच्या झोपड्या गवताच्या. हिला प्रबळच्या डोंगरावरून आणलेल्या कारवीच्या काठ्यांचा दुहेरी कूड, आतून शेणामातीनं लिंपलेला. वारा जायला फट नाही. आत बाज, कोपऱ्यात चूल आणि पाणी तापवायला मोठं मडकं. मला नेऊन दाखवलं. आक्काला कळलं तशी ती कडाडली.

“बाळंतीण रानात? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. दहा दिवस ती खोलीचा उंबरा ओलांडणार नाही.”

त्यानं दुसऱ्या दिवशी झोपडीत आणखी दोन भारे सरपण नेऊन ठेवलं.

मार्गशीर्षात मुलगी झाली. चांगली टपोरी आणि आवाजानं खणखणीत. सहावा दिवस उजाडला. तुम्हांला ठाऊकच आहे, सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते. आक्कानं दुपारपासूनच पाट मांडला. पाटावर कोरा कागद, दौत आणि माझी बोरूची लेखणी. दुसऱ्या मुलाच्या वेळी माझ्या बदलीपायी आम्ही सहाव्या दिवशी प्रवासात होतो आणि पूजा राहून गेली होती. सातव्या दिवशी ते गेलं. आक्कानं हे कधी तोंडानं म्हटलं नाही, पण तिच्या मनात ते रुतून बसलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

तिनं पाटाला हळदकुंकू वाहिलं, आणि आढ्यावरून उंदीर पडला. पाटापासून हातभर अंतरावर. दारू प्यायल्यासारखा दोनदा फिरला आणि आडवा झाला.

मी विस्तवाकडं धावलो. महिनाभराची तालीम अंगात होती. यमुना बाळाला छातीशी धरून उठून बसली होती. पण आक्का पाटासमोर बसून राहिली.

“मी तिला आज हलू देणार नाही,” ती म्हणाली. “उद्या सकाळी न्या. आजची रात्र जाऊ दे. सटवाई घर शोधत येणार आणि घर रिकामं? पोरीचं कपाळ कोरं राहील रे! एकदा चुकलो आपण. पुन्हा नाही.”

मी तिला डॉक्टरांचं सांगितलं, शास्त्राचं सांगितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मान हलवत होती. आता मी तुम्हांला प्रामाणिकपणं सांगतो, माझेही पाय जागचे हलेनात. उंदराची भीती होती आणि सटवाईचीही होती. मी शिकलेला माणूस, पण माझी दोन मुलं गेली होती.

कुणी निरोप दिला कोण जाणे, गाडी अंगणात येऊन उभी राहिली. तो दाराबाहेरच थांबला. आक्काचं सगळं त्यानं ऐकून घेतलं. सटवाईला नावं ठेवली नाहीत, आक्काला भित्री म्हटलं नाही. फक्त विचारलं, “आक्का, सटवाई लिवते, खरं ना?”

“लिहिते तर. म्हणून तर कागद ठेवलाय.”

“लिवते, मंजी वाचाया बी येत आसंल.”

आक्कानं पाटावरच्या लेखणीकडं पाहिलं.

“तर मास्तरांना दारावर पत्ता लिवू द्या. येईल, वाचंल, तकडं जाईल. ओढा काय लय लांब नाय, आन् तिला काय गाडी लागत नाय.”

आक्कानं डोळे पुसले. जरा विचार केला. मग म्हणाली, “खडू आण.”

मी खडू आणून दारावर लिहू लागलो, ‘बाळ ओढ्यापलीकडे—’ तोच तिनं हात धरला. “हे काय? मायना कुठाय? देवीला असं लिहितात? शाळेत काय शिकवतोस तू?” मी पुसलं आणि वरून सुरुवात केली. ‘श्री सटवाई मातेस साष्टांग नमस्कार विनंती विशेष. बाळ व बाळाची आई ओढ्यापलीकडील माळावर आंब्याखालच्या झोपडीत आहेत. कृपा करून तेथे यावे.’

“आनखी लिवा,” गाडीवान मागून म्हणाला, “कागद-दौत बी तितंच हाय. मंजी ती हितं हुडकत बसायची नाय.”

तेही लिहिलं. आक्का पाट, कागद, दौत, लेखणी उचलून उठली आणि मग आम्ही जे निघालो ते असे निघालो की मला स्वतःचंच नवल वाटलं. मी देव आणि विस्तव घेतला. आक्कानं बोचकं घेतलं. यमुनेनं बाळाला घेतलं. त्यानं गाडीत गवताचा हातभर थर आधीच घातला होता. त्यावर घोंगडी, त्यावर यमुना, चारी बाजूंनी आमच्या रजया. त्याची चिलीम खिशातच होती. ती काढायला त्या दिवशी वेळच झाला नाही.

गाडी तो हाकत नव्हता. बैलांना त्यानं मोकळं सोडलं होतं, ते हळूहळू येत होते, आणि तो पुढं वाकून चालत वाटेतला एकेक दगड उचलून बाजूला टाकत होता. ओढ्यापर्यंत आणि ओढ्यापलीकडं. साठीचा माणूस, सबंध वाटभर वाकलेला. यमुना आजही सांगते की त्या गाडीत तिला एक धक्का बसला नाही. बाळ झोपेतच माळावर पोचलं.

उतरल्यावर पहिलं हाताला आलं ते विस्तवाचं मडकं. मग अंथरूण. मग आक्काचा पाट. पाणी तापेपर्यंत आक्कानं झोपडीत पाट मांडलासुद्धा. तिनं बाहेर येऊन कूड चाचपून बघितला. “वारा येत नाही हो,” ती मला म्हणाली. त्याला ऐकू जाईल अशा बेतानं.

आमच्या मागोमाग निम्मं गाव तीन दिवसांत माळावर आलं. ज्यांनी उंदीर लपवला, दोन दिवस आणखी काढले, त्यांच्यातली काही माणसं त्या साली गेली. आमच्या शेजारच्या घरातही गेलं एक माणूस. हे सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरं नव्हे.

सातवा दिवस गेला. त्या दिवशी आम्ही आळीपाळीनं पोरीच्या नाकाशी बोट धरून बघत होतो. आठवा उजाडला आणि मुलीनं असा टाहो फोडला की शेजारच्या झोपडीतली बाई म्हणाली, “मास्तर, पोरगी हाय का भोंगा?” आम्ही तिघंही वेड्यासारखे हसलो.

दोनेक दिवसांनी गाडीवान आणि मी घराकडं लांबून नजर टाकायला गेलो. कुंपणाबाहेरूनच बघायचं, असा त्याचा नियम. दारावर माझी अक्षरं तशीच होती. त्यांच्याखाली कुणीतरी एक शब्द लिहिला होता.

“खाली काय लिवलंय?” त्यानं विचारलं.

“‘पाहिले.’”

“कुनी?”

घरं तपासायला सरकारी माणसं येऊन गेली होती. त्यांच्यातल्या कुणा कारकुनाला विनोद सुचला असावा, किंवा त्यानं नुसता शेरा मारला असावा. मी तसं त्याला सांगितलं. त्यानं मुंडासं मागं सारून डोकं खाजवलं.

“मंग आक्काला काय सांगायचं?”

“लिहिलंय तेवढं सांगू. कुणी लिहिलं ते तिनं विचारलं तर बघू.”

आक्कानं विचारलं नाही. ‘पाहिले’ ऐकल्यावर तिनं माळावर सगळ्यांना गूळ वाटला. आणि त्या अक्षरांबद्दल माझं तोंड मी आजतागायत उघडलेलं नाही. इथं उघडतोय, कारण ती हे वाचणार नाही. तिचा चष्मा फुटलाय.

त्या दिवशी घराकडून परतताना आम्ही ओढ्याच्या काठी टेकलो. मी सहज विचारलं, “दादा, हे चिलमीचं माप तुम्हांला कसं सुचलं? तुमचं स्वतःचं घर किती चिलमींचं?”

“आमचं?” तो म्हणाला. “आमचं घर चार दिसांचं निगालं, मास्तर.”

आणि मग त्यानं जे सांगितलं ते मला गावात कुणीच सांगितलं नव्हतं. पहिल्या साली त्याच्या घरी उंदीर पडला तेव्हा घरात तो आणि त्याची बायको, दोघंच होती.

“मी पडलो गाडीवान. अर्दी गाडी घेऊन जायाची मला लाज वाटायची. ती उंबऱ्यावर हुबी ऱ्हाऊन म्हनायची, ऱ्हाऊ द्या की वो, चला. मी म्हनायचो, एक खेप आनखी. कनगी नेली. फळ्या नेल्या. बैलांचा पेंडा नेला. चौथ्या दिशी शेवटली गाडी भरली. झ्याक भरली हुती, मास्तर. तवर तिला चालता येईना. मंग तिलाच वर घातली.”

तो ओढ्याकडं बघत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मी हे आक्काला सांगितलं. त्या दिवशी तिच्या हातून भातात मीठ दोनदा पडलं.

बाराव्या दिवशी माळावरच बारसं केलं. आंब्याच्या फांदीला पाळणा टांगला. सगळा माळ जमला होता. गाडीवान बैलांपाशी बसला होता, बायकांच्या कामात आपलं काय म्हणून. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे आक्काचा. पाळण्याशी उभी राहिलेली आक्का एकाएकी बायकांमधून बाहेर पडली आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“दादा,” ती म्हणाली. इतके दिवस ती त्याला गाडीवानच म्हणत आली होती. “वहिनींचं नाव काय होतं?”

“कुनाचं?”

“तुमच्या घरच्यांचं.”

तो गडबडून उभा राहिला. “नाव... हुतं की. पर आमी ‘अगं’च म्हनायचो.”

“‘अगं’ हे काय पाळण्यात ठेवायचं नाव झालं?”

बायका हसल्या. तो हसला नाही. मुंडासं काढून त्यानं हातात घेतलं आणि एखाद्या नवरदेवासारखा खाली बघत पुटपुटला, “सगुना.”

“मोठ्यानं सांगा. मला पोरीच्या कानात सांगायचंय.”

“सगुना,” तो म्हणाला. या वेळी सगळ्या माळाला ऐकू गेलं.

आक्कानं पाळण्यात वाकून मुलीच्या कानात नाव सांगितलं, आणि गोविंद घ्या, गोपाळ घ्या सुरू झालं. तो तिथून निघून बैल धुवायला ओढ्यावर गेला. बैल त्यानं सकाळीच धुतले होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्यानंतर त्याला एक नादच लागला. गाडी घेऊन रस्त्यानं जाताना, शेताच्या बांधावरून, शाळेच्या खिडकीखालून तो हाक मारी, “सगुनाऽ!” काम काही नसे. मुलगी रांगत होती तेव्हापासून ती त्या हाकेला मान वळवे. पुढं चालायला लागल्यावर धावत सुटे. मी एकदा त्याला म्हटलं, “दादा, उगाच हाका मारून तिला पळवता.” तो म्हणाला, “तीस वर्सं संसार केला, मास्तर. नावानं एक हाक मारली नाय. लोकं काय म्हनतील वाटायचं. आता दिसातनं धा बारी मारतो, कोन काय म्हनतंय?”

पुढं प्लेग ओसरला. तरी त्यानं गावाची तालीम सोडली नाही, दर कार्तिकात एकदा घेईच. आमचं घर शेवटपर्यंत एक चिलीम आणि वर दोन झुरके राहिलं. ते दोन झुरके तो आक्काच्या नावावर टाकी. तीन वर्षांपूर्वी, भात झोडून झाल्यावर, तो गेला. प्लेगनं नाही, साध्या म्हातारपणानं, स्वतःच्या ओटीवर.

यंदा सगुणेचं लग्न केलं. मुलाकडची माणसं चांगली, रीतीला धरून असणारी. सून घरात आली की तिचं नाव बदलायचं, ही त्यांच्याकडची रीत, तशी आपल्याकडं सगळ्यांचीच. ताटात तांदूळ पसरले. जावयाच्या हातात सोन्याची अंगठी दिली. त्याच्या आईनं ठरवलेलं नाव त्याच्या कानात सांगितलं, आणि त्यानं हात पुढं केला.

“थांबा,” आक्का म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. भर लग्नात व्याह्यांना अडवायचं म्हणजे काय!

“आहे तेच नाव राहू द्या,” आक्का म्हणाली. “तुमची रीत मला मान्य आहे. पण हे नाव आमचं नाही. एका माणसानं ते आमच्याकडं ठेवायला दिलंय. आम्हांला ते बदलायचा हक्क नाही, तेव्हा तुम्हांलाही देता येत नाही.”

विहीणबाईंनी आक्काकडं पाहिलं, मग सुनेकडं. सगुणा खाली मान घालून बसली होती. त्या माउलीला काय उमजलं देव जाणे. तिनं मुलाला मानेनंच होकार दिला.

जावयानं ताटातले तांदूळ तळहातानं पुन्हा सारखे केले आणि अंगठीच्या टोकानं सावकाश लिहिलं, सगुणा.